मांजलपूरच्या गच्चीचं कुलूप

संक्रांतीला बडोद्याला जायचं, हे अक्काने ठरवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं होतं आणि डॉक्टरांनी "आता हिंडाफिरायला हरकत नाही" असं म्हटल्यावर तिने ते फारच मनावर घेतलं. "तिकडे म्हणे संक्रांतीला सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर चढतं. ते एकदा बघायचंय," ती म्हणाली. मी तिची धाकटी बहीण, कोल्हापुरात भूगोल शिकवून निवृत्त झालेली. मला रिकामा वेळ होता. मी तिकिटं काढली.

राहायची जागा मी मोबाईलवर शोधली. मांजलपूर भागातलं एक घर, खाली मालक राहतात, वर पाहुण्यांसाठी एक मोठी खोली, मराठी कुटुंब, घरचं जेवण. फोटोत पलंग होता, पडदे होते, तुळस होती. जिना तेवढा कुठल्याच फोटोत नव्हता, म्हणून मी फोन केला. मालकांचं नाव अविनाश प्रधान. ते म्हणाले, "ताई, जिन्याला कठडा आहे, पायऱ्या रुंद आहेत. मी स्वतः मोठ्या ताईंना हात धरून वर नेतो. तुम्ही निवांत या."

पुण्याहून रात्रीची गाडी होती. सकाळी बडोदे स्टेशनबाहेर आलो तेव्हा थंडी चांगलीच होती आणि रस्त्याच्या कडेला जागोजाग लोक फिरक्या फिरवत मांजाला रंग देत बसले होते. दोन खांबांच्या मध्ये गुलाबी दोरा ताणलेला, त्यावरून रंगाने माखलेले हात फिरतायत. रिक्षावाल्याने मान वाकवून दोरा चुकवला आणि तो पुढे गेला.

प्रधानांचं घर म्हणजे इकडे ज्याला टेनामेंट (भिंतीला भिंत लागून असलेलं छोटं दुमजली घर) म्हणतात तसं होतं. सोसायटीत अशा घरांच्या दोन रांगा समोरासमोर. प्रधान दारातच उभे होते. उंच, पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. आयुष्यभर एका मोठ्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. "मला इथे सगळे अविनाशभाईच म्हणतात," ते म्हणाले. "तुम्हीही तेच म्हणा." त्यांच्या बायको नलिनीताई आतून आल्या. "आवो, बसा. प्रवास बरोबर झाला ने? चहा मूकते (ठेवते), पछी (मग) वर जाऊ."

चहा झाला, चहाबरोबर लीलो चेवडो (बटाट्याचा हिरवा, ओलसर, गोडसर चिवडा) झाला. मग अविनाशभाईंनी खरोखरच अक्काचा हात धरून तिला वर नेलं. जिना दारातून आत आल्याबरोबर डावीकडे. जिन्याखाली त्यांची नवी बॅटरीवरची स्कूटर उभी होती, तिच्या शेजारी चपलांचा रॅक आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जादा गाद्या. वरची खोली छान होती. पुढे सज्जा, त्याला चोरांपासून राखण म्हणून वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. जिना तसाच पुढे गच्चीवर जात होता आणि शेवटी गजांचं दार होतं. दाराला कुलूप.

"गच्ची उघडी नाही ठेवत," अविनाशभाई म्हणाले. "कठडा ठेंगणा आहे. पाहुणे वर जातात, फोटो काढायला वाकतात. कुणी पडलं तर? जबाबदारी माझी. उत्तरायणला (संक्रांतीला) आपण शेजारी हंसाबेनच्या अगाशीवर (गच्चीवर) जाऊ. त्यांचा रस्त्याकडचा कठडा उंच आहे, मंडळीही चांगली आहेत."

मला ते पटलं. माणूस विचार करणारा आहे, असं वाटलं.

पहिला दिवस गावात गेला. रावपुऱ्यात सेव-उसळ खाल्ली. तिखट रस्सा वेगळ्या भांड्यात देतात, आपल्याला झेपेल तेवढा घालून घ्यायचा. अक्काने कोल्हापूरचं नाव राखायचं म्हणून सगळा ओतला आणि डोळे पुसत खाल्ला. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकून मराठीत विचारलं, "महाराष्ट्रातून आलात का?" त्यांचं घराणं चार पिढ्या इथलं. "घरी मराठी. दारातून बाहेर पडलं की गुजराती. नातवंडं आतही गुजरातीच बोलतात," ते हसून म्हणाले. संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठी बसलो. राजवाडा बघायला अक्काला चालावं लागलं, तरी तिची तक्रार नव्हती.

उत्तरायणच्या दिवशी सकाळी आम्ही हंसाबेनच्या गच्चीवर होतो. हंसाबेन आमच्याच वयाच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान रमेशभाई डोक्याला टोपी, बोटांना चिकटपट्टी लावून पतंगाला ढील देत होते. मी भूगोल शिकवताना वाऱ्याविषयी कितीतरी बोलले असेन, पण वारा असा नुसत्या डोळ्यांनी दिसतो हे मला तिथे कळलं. आकाशात इतके पतंग की मधला निळा रंग शोधावा लागे. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, प्रत्येक गच्चीवर वेगळं गाणं, आणि पतंग कापला की सगळीकडून एकदम "काप्यो छे!" अक्का खुर्चीवर बसून फिरकी धरत होती. नलिनीताई तिळगूळ घेऊन आल्या. दुपारी जेवायला उंधियुं (तेलात शिजवलेली कंद, वांगी, वाल, मेथीचे मुटके यांची भाजी) आणि जिलबी. त्यावर ऊन. अक्काला झोप यायला लागली.

आम्ही खाली उतरून प्रधानांच्या घरी आमच्या खोलीत आलो. नलिनीताईंच्या भावाकडे रावपुऱ्यात दुपारी सगळी जमणार होती, त्यांचा भाचा गाडी घेऊन आला होता. जाताना अविनाशभाईंनी जिन्यातून हाक दिली, "ताई, दार ओढून घेतो. संध्याकाळपर्यंत येतोच. शांतीथी आराम करा."

मला जाग आली ती फटफट आवाजाने. उत्तरायणला फटाकेही उडवतात, म्हणून मी कूस बदलली. मग वास आला. रबर जळल्यासारखा, घशात बसणारा. मी उठून खोलीचं दार उघडलं आणि जिना दिसलाच नाही. जिन्याच्या जागी काळा धूर होता, आणि तो वर येत होता.

मी खाली जाणार होते. घराबाहेर पडायचं म्हणजे खाली जायचं, एवढंच डोक्यात होतं. एक पायरी उतरले आणि खोकल्याने वाकले. मागे फिरून वर गच्चीच्या दाराकडे धावले. कुलूप दोन्ही हातांनी हलवलं. गजांमधून वरचं आकाश दिसत होतं, पतंगही दिसत होते. धूर माझ्या अंगावरून त्या गजांतून बाहेर जात होता. तिथे थांबणं शक्य नव्हतं. खोलीत परत आले तेव्हा अक्का पलंगावर उठून बसली होती.

"नंदा, दार लाव," ती म्हणाली. "आणि ती चादर भिजव."

मी न्हाणीतल्या बादलीत चादर बुडवून दाराच्या फटीशी दाबली. मग अविनाशभाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग अग्निशामक दलाला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "पत्ता?" मी म्हटलं, मांजलपूर. "मांजलपूरमध्ये कुठे?" आणि मला सांगता येईना. सोसायटीचं नाव काय, घराचा नंबर काय? आलो तेव्हा रिक्षावाल्याला नकाशा दाखवला होता. खोलीत वायफायचा पासवर्ड फ्रेम करून लावलेला होता. पत्ता कुठेच नव्हता. फोन चालू ठेवून मी जुने संदेश चाळत होते आणि तो माणूस शांतपणे म्हणत होता, "बेन, गभराशो नहि (घाबरू नका). जवळ काय आहे ते सांगा." शेवटी तो संदेश सापडला आणि मी वाचून दाखवला.

अक्का सज्जात गेली होती. जाळी ढकलून पाहिली, हलेना, म्हणून तिला तोंड लावून हाका मारत होती. पण सगळ्या गच्च्यांवर गाणी चालू होती. समोरच्या रांगेतल्या गच्चीवर माणसंच माणसं. ती आम्हाला दिसत होती, आम्ही त्यांना दिसत होतो. अक्काने जाळीतून आपली चालायची काठी बाहेर काढून हलवली. समोरच्या एका मुलीने हसून हात हलवला. तिच्या शेजारच्या माणसानेही हलवला. त्यांना वाटलं, दोन म्हाताऱ्या मजेत आहेत.

चादरीखालून धूर यायला लागला होता. मी दुसरी चादर भिजवली. अक्का आत येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "मला निघता आलं नाही तर तू थांबू नकोस." मी ती चादर दाराच्या फटीत कोंबली.

आमचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. हंसाबेनना दिसला तो धूर. प्रधानांच्या गच्चीच्या दारातून काळा लोट निघताना त्यांनी पाहिला आणि त्यांनी आधी स्वतःचा स्पीकर बंद केला. मग शेजारच्यांना ओरडून बंद करायला लावला. मला आठवतं ते एवढंच, की गाणी एकामागून एक थांबत गेली आणि मग वरून आवाज आला, "कोई अंदर छे?"

"आहे," अक्का ओरडली. "दोघी आहोत."

"चावी क्यां छे (किल्ली कुठे आहे)?"

ते आम्हाला माहीत नव्हतं.

वर लोखंडावर लोखंड आपटायला लागलं. मधे थांबे, कोणीतरी खोकत बाजूला जाई, दुसरा कोणी घाव घाली. मी टॉवेल भिजवून अक्काच्या तोंडाला बांधला, एक मला. कुलूप तुटल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. दारावर थाप पडली तेव्हाच कळलं. रमेशभाई होते, डोळे लाल, तोंडावर ओला पंचा. "बेन, मों पर भीनुं कपडुं राखो (तोंडावर ओलं कापड धरा)," एवढंच म्हणाले आणि त्यांनी अक्काला काखेत हात घालून उचललं. त्यांच्या मागे आणखी एकजण होता, त्याने तिचे पाय धरले. मी कठड्याला धरून डोळे मिटून चढले. एरवी सहज चढावा असा तो तुकडा होता.

गच्चीवर आल्यावर मी आधी खाली बसले. मग त्यांनी अक्काला कठड्यावरून पलीकडे हंसाबेनच्या गच्चीत दिलं, या हातातून त्या हातात, एखादं लहान मूल द्यावं तसं. दोन घरांमधला तो कठडा ठेंगणा होता म्हणून ते जमलं.

बंब आला. गल्लीत उभ्या केलेल्या स्कूटर लोकांनी उचलून बाजूला केल्या होत्या. बाहेरच्या मीटरवरून कोणीतरी वीज बंद केली होती. आग जिन्याखालीच होती: स्कूटर चार्जिंगला लावलेली, एक्स्टेन्शन बोर्डवर. बॅटरी पेटली, गाद्यांनी ती आग धरली. ज्वाळा वर पोचल्याच नाहीत. धूर मात्र आमच्या खोलीच्या छतापर्यंत पोचला होता.

हंसाबेननी आम्हाला आत नेलं. एका डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी छाती तपासली, रात्री त्रास वाटला तर दवाखान्यात यायला सांगितलं. तेवढ्यात प्रधान पती-पत्नी आली. रावपुऱ्यात गच्चीवर गाण्यांच्या गोंगाटात त्यांना फोन ऐकू आला नव्हता. अविनाशभाई दारातच उभे राहिले, आत यायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"ताई, मला माफ करा."

"माफीचं नंतर बघू," अक्का म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "आधी सांगा, किल्ली कुठे होती?"

त्यांनी खिशात हात घातला आणि जुडगा बाहेर काढला. नलिनीताई रडायला लागल्या.

अग्निशामक दलाचे अधिकारी जळलेला जिना बघून हंसाबेनकडे आले होते. ते हिंदीत बोलले, आवाज न चढवता. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा: तुम्ही खोली भाड्याने दिलीत त्या दिवसापासून हे तुमचं नुसतं राहतं घर उरलेलं नाही. जिना मोकळा ठेवणं, त्यात गाडी चार्ज न करणं, धूर झाला तर वाजेल असं यंत्र लावणं, आग विझवण्याचा सिलिंडर ठेवणं, वायरिंग तपासून घेणं, पाहुणा किल्लीशिवाय बाहेर पडू शकेल असं बघणं, हे सगळं मालकाचं काम. पाहुण्यांना ते विचारायचं सुचतही नाही.

अविनाशभाई मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, मी कारखान्यात दर महिन्याला आगीची कवायत घ्यायचो. हजर नसणाऱ्याला नोटीस द्यायचो."

अधिकारी नमस्कार करून निघाले.

ती रात्र आम्ही हंसाबेनकडे काढली. दुसरा दिवस वासी उत्तरायण (शिळी उत्तरायण, इकडे सण दोन दिवस चालतो). पतंग पुन्हा वर गेले. मला वर जावंसं वाटलं नाही. अक्का मात्र गेली.

दुपारी अविनाशभाई आले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मला वाटलं, पैसे परत करायला आलेत, किंवा मोबाईलवर वाईट लिहू नका म्हणून सांगायला आलेत. ते म्हणाले, "नंदाताई, एक मागायचंय. तुम्ही माझ्याबरोबर घरात याल? काल तुम्ही काय काय केलंत, ते क्रमाने दाखवाल?"

"कशाला?" मी जरा तुटकच विचारलं.

"मी त्या घरात तीस वर्षं राहतोय. अंधारातही मला बटण सापडतं. तुम्हाला काय सापडलं नाही, ते मला नाही दिसणार. ते तुम्हालाच माहीत."

मी गेले. भिंती काळ्या, पायाखाली पाणी, वास तसाच. मी दाराशी उभी राहिले. इथून धूर पाहिला. इथून खाली जायला निघाले. का? कारण वर वाट आहे हे मनातच नव्हतं; वर कुलूप असतं हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इथे फोन केला. पत्ता सापडेना. ही जाळी, हिला आतून उघडणारा एकही भाग नाही. इथे हाका मारल्या. ते प्रत्येक ठिकाणी थांबत होते. सज्जात त्यांनी स्वतः जाळीला हात घालून ढकलून पाहिलं, जसं काल अक्काने पाहिलं होतं.

"कारखान्यात नवा माणूस आला की पहिल्यांदा बाहेर पडायची वाट दाखवायचो," ते म्हणाले. "इथे कधीच दाखवली नाही. पाहुणा घरात आला आणि त्याला पहिल्यांदा पळायची वाट दाखवायची, हे बरं दिसत नाही असं वाटायचं. आपण आधी चहा विचारतो."

माझ्या मनात त्यांच्यावरचा राग होता आणि तो त्या वाक्याने गेला नाही. पण त्यांचं म्हणणं मला समजलं. माझ्याही घरी पाहुणे येतात.

खाली आलो तेव्हा नलिनीताई फोन हातात घेऊन उभ्या होत्या. दोन दिवसांनी सुरतेहून एक कुटुंब येणार होतं, लहान मुलं बरोबर. "त्यांना सांगते ने, थोडं इलेक्ट्रिकचं काम काढलंय," त्या म्हणाल्या.

"नाही," अविनाशभाई म्हणाले. "दे इकडे." आणि त्यांनी आमच्यासमोर गुजरातीत सांगितलं: घरात आग लागली होती, चूक माझी होती, पाहुणे वर अडकले होते, घर सुरक्षित होईपर्यंत मी कोणालाही ठेवणार नाही. पलीकडून बराच वेळ काही बोललं जात होतं. ते नुसते "हा, हा" म्हणत होते. फोन ठेवल्यावर नलिनीताईंनी जळक्या गाद्यांचं एक टोक धरलं, अविनाशभाईंनी दुसरं, आणि दोघं त्या बाहेर ओढायला लागली.

निघताना हंसाबेननी वाटेसाठी थेपले बांधून दिले. रमेशभाईंच्या तळहाताला पट्टी होती. कुलूप तोडताना लागलं होतं. अक्काने त्यांना वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, त्यांनी घाईघाईने तिला धरलं. "गुडघा, बेन, गुडघा," ते म्हणाले.

कोल्हापुरात आल्यावर लोकांनी राजवाड्याचं विचारलं, पतंगांचं विचारलं. मी सांगितलं. आगीचंही सांगितलं, पण पुष्कळांना ते प्रवासातलं एक विघ्न वाटलं. मला तसं वाटत नाही. आपण परक्याच्या घरी झोपतो तेव्हा आपला जीव त्याच्या नजरेवर सोडतो. त्याला न दिसलेली प्रत्येक गोष्ट आपल्या वाट्याला येते. प्रधान वाईट मालक नव्हते. आस्थेवाईक होते, आणि आम्ही पडू नये म्हणून त्यांनी आम्हाला आत कोंडलं होतं.

उन्हाळ्यात त्यांनी घर पुन्हा सुरू केलं. आमच्या शाळेतल्या कुलकर्णीबाई बडोद्याला निघाल्या तेव्हा मी प्रधानांनाच फोन लावून दिला. परत आल्यावर बाई मला भेटल्या.

"माणसं चांगली आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण जरा विचित्र. बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. तशीच हातात, थेट गच्चीवर नेलं."

"दार त्यांनी उघडलं?"

"कुठलं! मलाच उघडायला लावलं. आतून खिटी आहे नुसती. एकदा उघडलं तर म्हणे, आता डोळे मिटून उघडा."

"उघडलं का तुम्ही?"

"दुसऱ्या खेपेला उघडलं."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं.